"ओळखलंस का?"

कुकरच्या शिट्ट्या थांबलेल्या, 'हे' ऑफिसात, मुलं कॉलेजात. जरा टेकावं म्हणून फोन हाती घ्यावा, तर जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर एक नाव! पंचविसेक वर्षं ओठांवर न आलेलं. पाठोपाठ वेगळा निरोप, "ओळखलंस का?"

न ओळखायला काय झालं, मैत्रिणींनो! छाती धडधडते, हात आपसूक केसांकडे जातो. आणि मग दिवसभर टोचणी, आपलं काही चुकतंय का?

यात पाप काही नाही. मानसशास्त्र सांगतं की, चाळिशीनंतर माणसाला सर्वांत ठळक आठवतात त्या साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी. गेल्या वर्षीची दिवाळी धूसर होते, पण त्याचा निळा शर्ट लख्ख दिसतो. (यांनाही कुणाची तरी ओढणी दिसत असेलच, ते आपण सोयीने विसरतो.)

मेख अशी की, आठवण म्हातारी होत नाही. तो एकवीस वर्षांचाच राहतो. सासूबाईंच्या आजारपणात त्याने कधी पेपरमागे तोंड लपवलेलं नसतं. रोजच्या पंक्तीतल्या माणसाशी त्याची तुलना करणं हा सरळ अन्याय!

१९८७ च्या 'इजाजत'मध्ये रेखा आणि नसीरुद्दीन शाह स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये एका रात्रीपुरते भेटतात. सकाळी तिचा दुसरा नवरा न्यायला येतो. आता फोनमुळे ती वेटिंग रूम चोवीस तास उशाशी असते.

उत्तर खुशाल द्यावं. मुलं किती, आईवडील कसे, विचारावं. स्नेहसंमेलनालाही जावं, नवी साडी नेसून! पण निरोप वाचून पुसायला लागलात, 'हे' आले की फोन पालथा घालायला लागलात, तर स्वतःला विचारा, आपल्याला तो हवाय, की "आज कशी आहेस?" असं विचारणारं कुणी हवंय? बहुतेकदा दुसरंच. ते दुखणं खरं असतं, हसण्यावारी नेऊ नये. पण ते सांगायचं यांनाच. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. "तुम्ही बोलतच नाही" असं भांडणाच्या सुरात नको; "मला एकटं वाटतं" एवढंच. अवघड जातं, सवय मोडलेली असते. पहिल्यांदा "हूं" एवढंच उत्तर आलं, तर चार दिवसांनी पुन्हा सांगावं.

दोघंही एकटे पडलेले असतील, तर गोष्ट निराळी. तिथे लोकांच्या नाकं मुरडण्याकडे बघू नये. फक्त घर, ठेवी, मृत्युपत्र यांचे कागद आधी नीट करून घ्यावेत.