जुन्या सीलरवर थेट इपॉक्सी नको!

वर्कशॉपच्या काँक्रीटच्या जमिनीवर पूर्वी सीलर मारलेला असेल, तर नव्या इपॉक्सीआधी तो घासून काढाच. जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते मुरले नाहीत, तर इपॉक्सीलाही आत शिरायला वाट नाही. मग तिची पकड काँक्रीटवर नाही, जुन्या थरावर बसते. तो सुटला की नवा थरही पापुद्र्यांनी निघतो.

“ॲसिडने धुतलं की झालं,” असं अनेकजण म्हणतात. पण ॲसिडची क्रिया सिमेंटवर होते आणि सीलरखालच्या सिमेंटपर्यंत ते पोचतच नाही. ग्राइंडिंगला खर्च येतो, धूळ उडते, हे खरं. पण डायमंड ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडला की सिलिकाची बरीच धूळ आटोक्यात राहते. चांगला मास्क तरीही हवाच. घासल्यावर थेंबांची चाचणी पुन्हा करा आणि पाणी सगळीकडे मुरलं, तरच इपॉक्सीचा डबा उघडा.