जुन्या आलिशान मोटारीची पारख

उंची मोटार जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची मात्र उतरत नाहीं. हत्ती स्वस्तांत मिळाला, तरी त्याचा चारा स्वस्त होत नाहीं.

१९९८ सालीं निघालेल्या मर्सिडीझच्या एस-क्लासचें उदाहरण घ्या. तींत पोलादी स्प्रिंगांऐवजीं बहुधा हवेचे रबरी फुगे असतात. रबर वयानें चिरतें, हवा झिरपते आणि ती भरून काढतांना कॉम्प्रेसरही थकतो. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेववून सकाळीं पाहावी. एखादा कोपरा खचला असल्यास मोठा खर्च आलाच म्हणून समजावें. इंजिन थंड असतां आपल्यासमक्ष सुरू करवावें. तापलेलें इंजिन पुष्कळ दोष झांकतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मुंबईंत असंख्य गाड्या बुडाल्या. यास्तव गालिच्याखालीं गाळ व गंज शोधावा. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढील नूतनीकरण झालें आहे काय, तें तपासावें.

शेवटीं, माहितगार कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज घेऊन तो किमतींत मिळवावा. ती बेरीज झेपत असेल, तरच व्यवहार करावा. दारची शोभा वाढवितांना मुलांच्या शिक्षणाची पुंजी खर्चीं पडूं नये.