कवंदी : सिद्दी बायकांची गोधडी

मराठवाड्यात येलदरी-जिंतूरकडे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतात. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका तशाच जुन्या कपड्यांतून कवंदी शिवतात.

• कुठे : कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड तालुके. घरच्या कोकणी बोलीत मराठी-कानडीची सरमिसळ. या जिल्ह्यातले सिद्दी २००३ पासून अनुसूचित जमातीत.

• शिवण : खाली जुनी साडी अंथरायची, वर रंगीत तुकडे. कोपऱ्यातून सुरुवात करून काठाकाठाने धावदोरा घालत मध्यावर यायचे. नक्षी आधी आखलेली नसते. हाताला येईल तो तुकडा, जमेल तिथे.

• फुला : चारही कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्या. त्या नसतील तर कवंदी ‘नागडी’ राहिली म्हणतात.

• कवंद्यांचे प्रदर्शन : न्यूयॉर्कचे शॉम्बर्ग सेंटर, २०११.

• छायाचित्रे : मुंबईच्या केतकी शेठ यांचे सिद्दींवरचे कृष्णधवल पुस्तक ‘अ सर्टन ग्रेस’ (२०१३).

• सिद्दींचे मराठवाड्याशी नाते : आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली. मृत्यू १६२६, कबर खुलताबादला.