नो-कॉस्ट ईएमआयवर फोन: व्याज नेमकं कोण भरतं?

सेलमध्ये ३०,००० रुपयांचा फोन दिसतो. नो-कॉस्ट ईएमआय, सहा हप्ते, दरमहा ५,००० रुपये. व्याज शून्य, मग बँकेला काय मिळतं?

बँक व्याज घेतेच. वार्षिक दर १५ टक्के धरला तर इथे साधारण १,२७० रुपये व्याज होतं. तेवढी सवलत विक्रेता किंवा कंपनी आधीच देते. म्हणून कर्ज २८,७३० रुपयांचं होतं आणि हप्त्यांची बेरीज पुन्हा ३०,००० वर येते. इथवर हिशेब सरळ आहे.

गोम पुढे आहे. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयमध्ये व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २२९ रुपये. सवलतीत तो सहसा धरलेला नसतो. अनेक बँका प्रोसेसिंग फी लावतात, तिच्यावरही जीएसटी. हे सगळं बहुतेकांना कळतं ते कार्डाचं बिल आल्यावर.

शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. २०२२ च्या नियमांनुसार कार्डावर ईएमआय करताना मुद्दल, व्याज आणि सवलत वेगवेगळी दाखवावी लागते. तो तक्ता बघायला मिनिटभरही लागत नाही.

त्याहून मोठा फरक पडतो रोखीच्या भावात. दुकानात आधी एकरकमी भाव ठरवावा, ईएमआयचं नाव नंतर काढावं. तो भाव २८,५०० निघाला, तर 'फुकट' हप्त्यांचे १,५०० रुपये मोजावे लागतात. जीएसटी आणि फी वेगळीच.