हंड्या खरंच बारा आहेत का?

मुंबईला जायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाने आपापली यादी केली. मुलीला फालुदा हवा होता, मुलाला बैदा रोटी, आम्हा दोघांना इराण्याकडचा चहा. अम्मींना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मला काही खायचं नाही. त्या हंड्या तेवढ्या बघायच्या आहेत. खरंच बारा आहेत का, ते एकदा मोजायचंय."

आम्ही हसलो, पण मग गप्प झालो. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. लग्न होऊन त्या 1979 मध्ये चिपळूणहून मुंबईला गेल्या आणि 1990 पर्यंत भेंडी बाजारातल्या एका चाळीत राहिल्या. अब्बा गोदीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी फज्रची नमाज पढून ते ॲल्युमिनियमचा डबा घेऊन बोहरी मोहल्ल्यात जायचे आणि बारा हंडीचं सालन आणायचे. अम्मी ते ताटात वाढायच्या, मुलांना भरवायच्या, उरलं तर खायच्या. हंड्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होत्या. अकरा वर्षांत अम्मींनी त्या पाहिल्या नाहीत. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीसमोर दुनिया लोटायची, तेव्हाही त्या चाळीच्या गॅलरीतून फक्त उजेड बघायच्या. सहरीची तयारी असायची ना!

आपल्या बहुतेक घरांत हे असंच चालत आलं आहे. बाहेरच्या खाण्याच्या गप्पा पुरुषांच्या, आणि घरातल्या बाईला मिळतो तो डबा. म्हणून या वेळी ठरवलं की अम्मींना नेऊन बसवायचं, आणि त्यांच्यासमोर कुणीतरी गरम ताट आणून ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं.

रमजानमध्ये जायचं टाळलं. त्या गर्दीत अम्मींचे गुडघे टिकले नसते. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी मांडवी एक्स्प्रेस पकडली आणि रात्री माझगावला आपांकडे पोहोचलो.

शनिवारी दुपारी पहिली फेरी मोहम्मद अली रोडवर झाली. डोक्यावरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला सगळे जे. जे. पूल म्हणतात, पण त्याचं खरं नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल आहे. आपल्या कोकणाचं नाव मुंबईच्या माथ्यावर आहे म्हणून मुलं खूश झाली. अम्मींना मात्र तो पूल अजिबात आवडला नाही. त्यांच्या वेळी तो नव्हता. "रस्त्यावर झाकण ठेवलंय नुसतं," म्हणाल्या. त्यांची चाळही आता नाही. भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू आहे. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने हाती घेतलेलं हे काम इतकं मोठं आहे की गल्ल्याच्या गल्ल्या नकाशावरून गेल्या आणि तिथे उंच इमारती आल्या. अम्मी एका इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमची खोली साधारण तिथे असेल. हवेत." पुढे काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी नल्ली निहारी खायची म्हणून एका हॉटेलात शिरलो. खाली चार टेबलं रिकामी होती. वेटर म्हणाला, "फॅमिली ऊपर." वर जायला अरुंद, उभा लाकडी जिना. अम्मींचे गुडघे दुखतात, खालीच एका कोपऱ्यात बसू द्या, अशी विनंती केली. त्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने मान हलवली. अम्मी दोन पायऱ्या चढल्या, तिसरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "पार्सल घ्या." आम्ही पार्सल घेतलं. एवढ्या लांब येऊन अम्मींच्या हातात पुन्हा डबाच आला. आपांकडे बसून खाल्लेली ती निहारी चवीला उत्तम होती, हे कबूल करायला हवं, पण घास गोड लागला नाही. बायकांसाठी वेगळी जागा ठेवतात त्यात त्यांची सोय बघितली जाते हे खरं. ती सोय म्हाताऱ्या बाईला चढताच येणार नाही अशा जागी का असते, हे एकदा हॉटेलवाल्यांना विचारायला हवं. आता आम्ही शहाणे झालो आहोत. बसण्याआधी जिना विचारतो, मग मेनू.

रविवारी फज्रनंतर निघालो. बारा हंडी हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका लांब ओट्यात हंड्या गळ्यापर्यंत बसवलेल्या असतात, खाली विस्तव. रात्री आच लावली की सगळं सकाळपर्यंत धिमं शिजत राहतं. एकीत पाये, एकीत नल्ली, एकीत पिछोटा म्हणजे शेपटीचं मांस, असं प्रत्येकीत जनावराचा वेगळा भाग. मांस बहुतेक बड्याचं. निहारी या शब्दाचं मूळ अरबी 'नहार', म्हणजे दिवस. सकाळी खायचं ते निहारी. त्याच कुळातला हा पदार्थ, कष्टकऱ्यांचा. हाडं, पाये, नळ्या या स्वस्त वस्तूंमधला चिकट अंश रात्रभरात रश्शात उतरतो आणि मजुराच्या पोटाला दुपारपर्यंत आधार राहतो. ओठाला ओठ चिकटायला लागले की समजायचं, शिजवणाऱ्याने झोप घेतलेली नाही. दोन-तीन हंड्यांतलं एकत्र करून मागितलं तर त्याला चक्क 'भेळ' म्हणतात. मुलांना हे नाव फार आवडलं.

दुकान अगदी लहान होतं. बाकांवर सगळे पुरुष. आम्ही दारात घुटमळलो. कालचा जिना आठवत होताच. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या वाढप्याने अम्मींना पाहिलं आणि बाकावरच्या दोन तरुणांना म्हणाला, "उठो, अम्मा को बैठने दो." ते ताटली हातात घेऊन उठले आणि उभ्याने खाऊ लागले. बस्स, इतकंच. अम्मी बसल्या. समोर वाफाळती भेळ आली, वर आल्याचे बारीक काप आणि लिंबू, सोबत लांब पाव. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "डब्यात हे गार व्हायचं."

खाणं झाल्यावर त्या ओट्यापाशी गेल्या आणि बोट करून मोजू लागल्या. आठपर्यंत पोहोचल्या, मग झाकणं आणि वाफ यांत गणित चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. वाढपी हसून म्हणाला, "अम्मा, नाम बारा का है, गिनती छोड़ो." अम्मींनी सोडली नाही. त्यांचा आकडा दहा आला, मुलीचा अकरा. परतताना दोघी त्यावरून भांडत होत्या.

उरलेल्या दिवसात बरंच काही झालं. बोहरी मोहल्ल्यात संच्याचं आइस्क्रीम मिळतं. बाहेर बर्फ आणि मीठ, आत दुधाचा डबा, आणि तो गोल फिरवत राहायचा. सीताफळाचं घेतलं. साखर कमी आणि फळ जास्त, त्यामुळे अम्मींनाही थोडं चालून गेलं. क्रॉफर्ड मार्केटची इमारत 1869 ची. आता ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगावं लागतं. तिथेच मुलीचा फालुदा झाला. धोबी तलावाच्या इराणी हॉटेलात ब्रून मस्का आणि 'पानी कम' चहा. ब्रूनची कड इतकी कडक की अम्मींनी तो चहात बुडवून ठेवला आणि विसरल्या. मोहल्ल्याच्या बाहेर पडलो की मांसाचा पदार्थ हलाल आहे का, हे सरळ विचारायचं, लाजायचं नाही. आणि बायका सोबत असतील तर नमाजची जागा आधी ठरवून ठेवा. आम्हाला आपांचं घर जवळ असल्याने अडचण आली नाही.

घरी येताना सामानात मातीचे चोवीस शिकोरे होते, फिरनीचे. दोन वाटेत फुटले. अम्मींचा आग्रह होता की जे खाल्लं त्यातलं तीन तरी इथे चुलीवर उतरलं पाहिजे. त्यातली फिरनी पहिल्याच झटक्यात जमली. एक लिटर म्हशीच्या दुधाला साठ ग्रॅम तांदूळ. तांदूळ अर्धा तास भिजवून, कपड्यावर सुकवून, मिक्सरमध्ये रव्यासारखा जाडसर फिरवायचा. पीठ केलंत तर खळ होईल. दूध उकळून थोडं आटलं की तांदूळ गार दुधात कालवून त्यात सोडायचा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ढवळत राहायचं. इथे फोन उचलू नये, बूड लागतं. साखर शेवटी, शंभर ग्रॅम. आम्ही अम्मींसाठी सत्तरच घालतो आणि केशर-वेलची जरा सढळ हाताने. शिकोरे आदल्या दिवशी पाण्यात भिजत ठेवायचे म्हणजे मातीचा कच्चा वास जातो. साबण अजिबात लावायचा नाही, माती तो पिते. गरम फिरनी ओतून, गार झाली की चार तास फ्रिजमध्ये. माती वरचं पाणी ओढून घेते म्हणून ती घट्ट बसते. स्टीलच्या वाटीत ती मजा येत नाही.

बैदा रोटी मुलांवर सोपवली आणि पहिल्या दिवशी सगळा ओटा तेलात न्हाला. दोन वाट्या मैदा, मीठ, चमचाभर तेल, पाण्याने सैल मळून, गोळे तेलात बुडवून एक तास ठेवायचे. हा तास चुकवला तर रोटी ताणताना फाटते. पाव किलो खिमा आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला घालून अगदी कोरडा करून घ्यायचा. आमचा पहिला खिमा ओलसर राहिला आणि रोटी तव्यावर फुटून तिचं ऑम्लेट झालं. मुलाने तेही खाल्लं. एका रोटीला एक अंडं, तीन चमचे खिमा, कांदा, कोथिंबीर, मिरची एकत्र फेटायचं. गोळा तेल लावलेल्या ओट्यावर हातानेच पसरवत, खालचा दगड दिसेल इतका पातळ करायचा. मधे सारण, चारही बाजूंनी पाकिटासारखी घडी, आणि उचलून तव्यावर. आच मध्यमपेक्षा कमी, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं, कडेने तेल. आच मोठी केली तर बाहेरून लाल आणि आत अंडं कच्चं. पसरवायचं काम मुलीला, घडीचं मुलाला. भांडण टळतं.

तिसरा पदार्थ म्हणजे घरची बारा हंडी. खरं तर आमच्या हंड्या दोनच, दोन कुकर. एकात बकऱ्याचे चार पाये. ते खाटकाकडून भाजून, तुकडे करून आणायचे, घरी कणीक चोळून धुवायचे. कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ, खडा मसाला आणि सहा वाट्या पाणी घालून एका शिटीनंतर बारीक आचेवर पाऊण तास ते तास. दुसऱ्यात अर्धा किलो नळीचं मांस, तसंच शिजवलेलं, पण मसाला निहारीचा. बडीशेप, सुंठ, धणे, मिरी, वेलदोडा, थोडं जायफळ, सगळं भाजून कुटलेलं. शेवटी तीन चमचे कणीक कोरडी भाजून, पाण्यात कालवून त्यात सोडायची आणि वीस मिनिटं रटरटू द्यायचं. रात्रभराची चव कुकरला येत नाही, हे मान्य. रात्री करून ठेवून सकाळी पुन्हा मंद आचेवर गरम केलं तर बरीच जवळ जाते. ताटात दोन्ही एकत्र वाढलं की झाली भेळ.

पहिल्यांदा केली तो रविवार होता. दस्तरखान घातला, अम्मींना आधी बसवलं आणि उठायचं नाही अशी ताकीद दिली. मुलाने ताट आणलं, रस्सा थोडा सांडला. अम्मींनी घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मीठ आणायला त्या उठू लागल्या, तशी मुलगी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ओरडली, "दादी, बसा!" मीठ मुलाने आणलं. कुठे ठेवलेलं असतं ते त्याला माहीत नव्हतं, तीन डबे उघडून बघितले, तोवर अम्मींचं अर्धं ताट संपलं होतं.