बटण पांढरकवड्यात, शाळा नांदेडात!

१६ फेब्रुवारी २०१९. पांढरकवड्यात महिला बचत गटांचा मोठा मेळावा भरला होता. पंतप्रधान नरेंद्र मोदी आले, व्यासपीठावरून त्यांनी एक बटण दाबलं आणि उद्घाटन झालं ते थेट नांदेड जिल्ह्यातल्या एकलव्य निवासी शाळेचं. ४२० आदिवासी मुलामुलींची सोय असलेली शाळा, आणि फीत कापायला कुणाला तिथवर जावंही लागलं नाही!

इमारत अशी बटणासरशी खुली होते. धडा मात्र बटणासरशी डोक्यात शिरत नाही. तो शिरावा म्हणून माणसांनी काय काय केलंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. उपग्रह सोडले, भोंगे लावले, खुराड्याच्या जाळीपासून अँटेना बनवल्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवली. त्यातल्या काही गोष्टी पांढरकवड्याच्या आसपासच्या, काही लांबच्या. सगळ्या खऱ्या.

एका तालुक्यात किती भाषा?

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं ठाणं. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. इथून दक्षिणेला निघालं की पैनगंगा ओलांडताच तेलंगण. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथेच. या भागातल्या शाळेत पहिलीच्या वर्गात बसलेलं पोर घरी कोलामी बोलत असेल, गोंडी बोलत असेल, बंजारा बोली बोलत असेल, नाहीतर वऱ्हाडी. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच, प्रमाण मराठीतलं.

कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्रविड कुळातल्या भाषा. म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूला जवळच्या. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेल्या आदिवासी जमाती तीनच आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. यवतमाळच्या डोंगराळ भागातल्या कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. पोडावरून आलेल्या मुलाला शाळेचा पहिला दिवस हा परभाषेचाही पहिला दिवस असतो. शिक्षणातल्या कुठल्याही यंत्राची खरी परीक्षा इथे आहे, असं मला मनापासून वाटतं. चकचकीत पडद्यावर अनोळखी भाषा आली, तर ती अनोळखीच राहते.

शिवचरित्राचे अभ्यासक आणि कोलामीचं व्याकरण

कोलामी भाषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला एक परदेशी विद्वान वर्ध्याला येऊन राहिला होता. त्याचं नाव एम. बी. एमेनो. १९३० च्या दशकात त्याने माहिती गोळा केली आणि १९५५ मध्ये कोलामीवरचा त्याचा ग्रंथ अमेरिकेत छापून आला.

त्याहून आपल्या जवळचा माणूस म्हणजे सेतुमाधवराव पगडी. मराठी वाचकाला ते शिवकालाचे इतिहासकार म्हणून ठाऊक. पण निजामाच्या राज्यात अधिकारी असताना आदिलाबादला त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या आणि दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली! त्याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई गावात मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथे गोंडी वाचनपाठ तयार झाले, तेही देवनागरीत. आज ज्याला आपण मातृभाषेतलं ‘कंटेंट’ म्हणतो, ते पैनगंगेपलीकडे ऐंशी वर्षांपूर्वी छापून तयार होतं.

हस्तलिखितापासून मोबाईलपर्यंत

२००६ मध्ये त्याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांना गोंडीची जुनी हस्तलिखितं सापडली. लिपी वेगळीच, आणि ती वाचू शकणारी मोजकी वृद्ध मंडळीच उरलेली. प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या चमूने त्यावर काम केलं. पुढे लिपी शिकवली गेली, तिचे फाँट बनले. आणि जून २०१८ मध्ये जगभरच्या संगणकांच्या अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, ‘गुंजाळा गोंडी’ दाखल झाली. त्याच्या आदल्याच वर्षी मसराम गोंडी ही दुसरी लिपी दाखल झाली होती. ती बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली. एका भाषेच्या दोन लिप्या, दोन वर्षांत!

आता तर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ नावाचं भाषांतर करणारं ॲप आणलं. सुरुवातीच्या चार भाषांत संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडी आहे. कोलामी नाही. ती यायला हवी, आणि त्यासाठी आवाज द्यायला कोलाम माणसंच लागतील.

खुराड्याची जाळी आणि आर्थर क्लार्क

१ ऑगस्ट १९७५. अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही सुरू झाला. ‘साइट’ हे त्या प्रयोगाचं नाव. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती-आरोग्य. महाराष्ट्राचा त्यात नंबर लागला नाही, शेजारच्या आंध्र आणि कर्नाटकचा लागला. उपग्रहाचे संदेश पकडायला दहा फुटी ताटली लागे, आणि ती बनवली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची! उपग्रहाने जग जोडता येईल हे ज्यांनी आधी लिहून ठेवलं, त्या आर्थर सी. क्लार्क यांच्या कोलंबोतल्या घरीही भारतीय अभियंत्यांनी अशी यंत्रणा बसवून दिली होती.

या प्रयोगात मुलांइतकंच शिक्षकांनाही शिकवलं गेलं. हजारो प्राथमिक शिक्षकांनी टीव्हीवरून विज्ञान कसं शिकवायचं याचे धडे घेतले. हा भाग लोक विसरतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच.

शिक्षणासाठीच सोडलेला भारताचा स्वतंत्र उपग्रह, ‘एज्युसॅट’, त्यानंतर २९ वर्षांनी, २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला.

आधी ऐका, मग बोला

टीव्हीच्याही आधी रेडिओ होता. १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्र आणि युनेस्को यांनी मिळून पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची ‘रेडिओ मंडळं’ उभी केली. पद्धत साधी: गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, लगेच त्यावर चर्चा करायची, ठरवायचं आणि प्रश्न परत केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं. ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द गावात यायच्या कितीतरी आधी पुणे जिल्ह्यातल्या चावडीवर तो प्रकार चालू होता. पुढे या कल्पनेची दखल भारताबाहेरही घेतली गेली.

पुण्याची बालचित्रवाणी

१९८४ मध्ये पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर सकाळी लागणारे तिचे कार्यक्रम बघत एक पिढी मोठी झाली. २०१७ मध्ये संस्था बंद पडली. तीनच वर्षांनी कोरोना आला आणि घरी अडकलेल्या मुलांना टीव्हीवरून शिकवायची धावपळ उडाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली, पहिली ते आठवीसाठी एकूण ४८० भागांची. चांगलं काम झालं. पण बालचित्रवाणीतली कसलेली मंडळी आणि स्टुडिओ हाताशी असते, तर किती सोपं गेलं असतं!

भोंग्यावरची शाळा

त्याच २०२० सालात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर स्मार्टफोन नव्हते, रेंज नव्हती. तेव्हा दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ काढली. आधीच रेकॉर्ड केलेले धडे गावोगाव भोंग्यावरून लावायचे, मुलांनी अंतर ठेवून बसायचं आणि ऐकायचं. शेजारी उभ्या असलेल्या आयाही ऐकायच्या. लग्नात वाजणारा भोंगा, एक पेन ड्राइव्ह आणि एक कार्यकर्ता. शाळा तयार.

सात कोटींतले अर्धे वाटून टाकणारे गुरुजी

पुस्तकातले चौकोनी काळे ठिपके मोबाईलने स्कॅन करायचे आणि कविता ऐकायची, हे आज पाचवीतल्या पोरालाही नवं नाही. या कल्पनेमागे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे शिक्षक आहेत, रणजितसिंह डिसले. आपल्या वर्गासाठी त्यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापले गेले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झालं. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सात कोटींहून अधिक रुपये. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

एक कामाची गोष्ट: केंद्राच्या ‘दीक्षा’ ॲपवरचे धडे रेंज असेल तिथे उतरवून घेता येतात आणि रेंज नसेल तिथे दाखवता येतात. पोडावर जाणाऱ्या शिक्षकाने बाजाराच्या दिवशी पांढरकवड्यात एवढं काम उरकलं तरी आठवडा निघतो.

झटपट चार

‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये झाला तो रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत.

मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल व्हिलेज’ झालं. तिथे इंटरनेट पोचवायला टीव्ही वाहिन्यांच्या रिकाम्या लहरी वापरल्या.

१९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. काहीही करा, पण हे मुलांना दाखवाच.

पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं काम केलेल्या अरविंद गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्रिकोण, चौकोन, घन करायचे हे त्यांचं तंत्रज्ञान. त्रिकोण दाबून मोडत नाही, चौकोन लगेच कलतो. घराच्या आढ्याला त्रिकोणी कैची का असते, ते पोट्ट्यांना क्षणात कळतं. वीजबिल शून्य.

संगणकाने गुण कधी वाढतात, कधी घसरतात?

हा भाग सावकाश वाचावा. २००० च्या दशकात बडोद्याच्या पालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. प्रत्येकाच्या पातळीप्रमाणे सोपे-अवघड होत जाणारे खेळ. गणितातली प्रगती ठळक दिसली. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच अभ्यासात मुंबई आणि बडोद्यात वस्तीतल्याच तरुण मुलींनी मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवलं, त्यांना ‘बालसखी’ म्हणत. तेही यशस्वी झालं.

गुजरातेतच ली लिंडन यांनी दुसरा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने भिंतीवर लावावा असा आहे. शिकवण्याचे तास कापून त्या जागी संगणक बसवला, तेव्हा मुलांचे गुण घसरले. शाळा सुटल्यावर जोडीला संगणक दिला, तेव्हा वाढले. यंत्र तेच, मुलं तशीच. फरक एवढाच की एकीकडे ते शिक्षकाच्या जागी बसलं होतं, दुसरीकडे शिक्षकाच्या शेजारी.

आणि घरातल्या मोबाईलचं काय? ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित काही करायला वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन पोचला आहे. त्याच्याशेजारी बसणारं माणूस अजून सगळीकडे पोचलेलं नाही.

टिपेश्वरच्या वाघाचा भूगोल

पांढरकवड्याच्या शिक्षकांच्या हाती एक धडा आयता आहे. जवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. ‘सी-वन’ हे त्याचं कागदोपत्री नाव. जूनमध्ये तो निघाला. शेतं, रस्ते, नाले ओलांडत, महाराष्ट्र-तेलंगण अशी वळणं घेत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर! कॉलरमुळे त्याच्या वाटेचे हजारो बिंदू नकाशावर उमटले.

आता बघा काय काय शिकवता येतं. ३,००० ला सुमारे २७० दिवसांनी भागा, रोजचे अकरा किलोमीटर येतात: झाला भागाकार. वाट जिल्ह्यांच्या नकाशावर काढा: झाला भूगोल. वाघ गाव सोडून इतका का फिरला, याचं उत्तर शोधा: झाला परिसर अभ्यास. कॉलर उपग्रहाशी कशी बोलते ते विचारा: विज्ञान. आणि कोलाम पोरांना वाघाला कोलामीत काय म्हणतात ते विचारा, म्हणजे त्या दिवशी वर्गात तीच मुलं शिक्षक होतील.

कापूस वेचणीच्या हंगामात वर्ग रिकामे होऊ लागतात, तेव्हा असले धडे हाताशी असावेत. केळापूर तालुक्यातल्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. या शनिवारी पोडावरच्या एखाद्या आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन, कोलामीतली एक गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करा. सोमवारी वर्गात ऐकवा, मुलांकडून तिचं मराठी करून घ्या, दोन्ही फळ्यावर देवनागरीत लिहा. याला इंटरनेट लागत नाही, मंजुरी लागत नाही आणि फोन तुमच्या खिशात आहेच.