फाइलमधली कात्रणं आणि विकिपीडियाची चाळणी

जळगावच्या एका मित्राने प्लॅस्टिकच्या कप्प्यांची जाडजूड फाइल माझ्यापुढे टाकली. "भाऊ, आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं विकिपीडियावर पान व्हायला काय हरकत आहे?" पाटणादेवी, मनुदेवी, लळिंग, भामेर अशा खानदेशातल्या ठिकाणी घालवलेले बारा वर्षांचे रविवार त्या फाइलमध्ये लावलेले होते. काम खरंच चांगलं आहे. पण पान होईल का, याचं उत्तर कामाच्या चांगुलपणावर ठरत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हा घोळ समजून घ्यायला आधी मराठी विश्वकोश पाहू. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आपल्याच खानदेशातले, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. विश्वकोशात कोणती नोंद घ्यायची हे त्यांनी आणि संपादक मंडळाने ठरवलं. वाचकाने फक्त वाचायचं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो याच्या उलट तत्त्वावर. इथे कोणीही लिहू शकतो, मग 'हे नको' म्हणणारं कोण? ते काम माणसाऐवजी एका नियमावर सोपवलेलं आहे. त्या नियमाचं नाव उल्लेखनीयता.

हा शब्द फसवा आहे. तो मानपत्रातला वाटतो, म्हणून नाकारलं की अपमान वाटतो. खरा अर्थ बराच कोरडा आहे: ज्याचा संस्थेशी काही संबंध नाही अशा कोणीतरी, विश्वासार्ह ठिकाणी, त्या संस्थेबद्दल सविस्तर लिहिलंय का? आणि तेही एकदाच नव्हे.

आता फाइलमधलं पहिलं कात्रण घेऊ. मजकूर साधारण असा: 'शहरातील अमुक ट्रेकिंग ग्रुपच्या वतीने रविवारी लळिंग किल्ल्यावर स्वच्छता मोहीम राबविण्यात आली. मोहिमेत ३५ सदस्य सहभागी झाले. यशस्वितेसाठी अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्यांनी परिश्रम घेतले.' ही 'परिश्रम घेतले'ची ओळ दिसली की समजायचं, वार्ताहर किल्ल्यावर गेलेला नाही. सचिवाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रेसनोट जशीच्या तशी लागली आहे. हाच मजकूर, हाच फोटो, तीन पेपरांत. मित्राच्या हिशेबी तीन पुरावे. विकिपीडियाच्या हिशेबी एकच, आणि तोही ग्रुपचाच.

पुढचं कात्रण रंगीत, अर्धं पान. वर्धापन दिनाची पुरवणी. पुरवणीत जागा कशी मिळते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. भारतीय वृत्तपत्रांतला पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीसारखाच दिसतो, म्हणून इंग्रजी विकिपीडियाने त्याबद्दल वेगळी सूचनाच लिहून ठेवली आहे. तेही बाजूला. त्यानंतरच्या बातमीत एक दुर्मीळ पक्षी दिसल्याचं सविस्तर वर्णन आहे आणि ग्रुपचं नाव शेवटच्या वाक्यात. ती बातमी पक्ष्याची झाली, ग्रुपची नव्हे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, इन्स्टाग्रामचे फॉलोअर, मोठ्या संघटनेचं सभासदत्व यांनी संस्था अस्तित्वात असल्याचं कळतं, एवढंच. एखाद्या सदस्याने मोठं शिखर सर केलं तरी त्याची कीर्ती आपोआप संस्थेच्या खात्यात जमा होत नाही.

संस्थांच्या बाबतीत इंग्रजी विकिपीडियाची चाळणी आणखी बारीक आहे. फक्त स्थानिक वृत्तपत्रांनी दखल घेतली तर ती पुरत नाही. निदान एक तरी दखल विभागाच्या किंवा राज्याच्या पातळीवरची लागते. पुण्याची गिरिप्रेमी ही संस्था घ्या. १९८२ मध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये तिचे ८ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले, २०१९ मध्ये १० जण कांचनगंगावर. या मोहिमांवर पुण्याबाहेरच्यांनीही आपणहून लिहिलं. नियमाच्या दृष्टीने शिखराच्या उंचीपेक्षा ते लिहिणं महत्त्वाचं.

मित्र चिडला. म्हणाला, "म्हणजे राजगडावर झाडू मारला तर बातमी, आणि भामेरवर मारला तर प्रेसनोट!" त्याचं चुकत नाही. राज्यपातळीवरच्या लेखणीला कसारा घाट ओलांडायचा कंटाळा आहे, आणि तो कंटाळा या नियमातून विकिपीडियातही उतरतो. तरी नियम सैल करावा असं मला वाटत नाही. तसं केलं तर ट्रेकिंग ग्रुपच्या आधी क्लासेसवाले आणि भावी नगरसेवक रांगेत उभे राहतील.

हे सगळं ठाऊक असून पान बनवलंच तर? इंग्रजीत ते वगळण्यासाठी चर्चेला लागतं. ती साधारण सात दिवस चालते आणि तिथे मतांच्या संख्येपेक्षा संदर्भांना किंमत असते. त्यामुळे ग्रुपमधल्या चाळीस जणांनी नवी खाती काढून 'राहू द्या' लिहिलं तर उलट संशय वाढतो. मराठीत पानावर 'पान काढा' हा साचा लागतो आणि निर्णय प्रचालक, म्हणजे तिथले ॲडमिन, घेतात. नियमित काम करणारे मोजकेच, म्हणून एखादं पान बरेच दिवस कोणाच्या नजरेत येत नाही. राहिलं म्हणजे पास झालं, असं मात्र नाही.

पुरेसे संदर्भ असतीलच तर कच्चा मजकूर धूळपाटीवर लिहावा. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाचं नावच ते आहे. धुळेकरांना घरचं वाटावं असं. मी याच ग्रुपचा सदस्य आहे, हे चर्चापानावर आधीच सांगून टाकावं. 'निसर्गप्रेमी', 'ध्येयवेडे', 'मान्यवरांच्या हस्ते' हे शब्द काढावेत. आणि एक गोष्ट अध्यक्षांना आधीच समजावून सांगावी: पान झालं की ते ग्रुपचं राहत नाही. उद्या ट्रेकमध्ये अपघात झाला आणि पेपरांनी त्याचा छडा लावला, तर तोही तिथे येणार, आणि ग्रुपला तो काढता येणार नाही.

किल्ल्यांवरच्या आणि जुन्या ठिकाणांवरच्या लेखांची गोष्ट वेगळी. खानदेशचं गॅझेटिअर १८८० मध्येच छापलं गेलं. पाटणादेवीजवळच्या पाटणचा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख प्राच्यविद्या संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, तेव्हापासून अभ्यासक त्यावर लिहीत आले आहेत. तिथे लेख टिकतो. तुटवडा असतो तो चांगल्या फोटोंचा, आणि ते ग्रुपकडे ढिगाने आहेत. स्वतः काढलेले फोटो मुक्त परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर चढवायला कोणाची उल्लेखनीयता लागत नाही.

फाइल मिटता मिटता मागच्या कप्प्यात एक वही सापडली. लळिंगवरच्या पाण्याच्या टाक्यांची लांबी, रुंदी, खोली. दोन उन्हाळ्यांत टेप लावून घेतलेली मापं. हीसुद्धा थेट विकिपीडियावर चालणार नाहीत, कारण तिथे स्वतःचं संशोधन वर्ज्य. आधी कुठेतरी छापून यायला हवीत. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, त्यांचं 'संशोधक' हे त्रैमासिक आहे. कात्रणांची फाइल मी परत दिली आणि वही ठेवून घेतली. दोन टाक्यांची खोली त्यात लिहायची राहिली आहे; मित्र म्हणाला, मे महिन्यात पाणी आटलं की मोजू.